पाचव्या कुपीला वास नाही

तिसऱ्या कुपीतलं तेल मनगटाला लावलं आणि पाव तासाने माझ्या मनात पाल चुकचुकली.

वास वाईट होता असं नाही. पाचांत तोच सरस होता. लावल्या लावल्या जळकं लाकूड, त्यामागून जुन्या चामड्याचा उग्रपणा, मग कडवट राळ. कुणीतरी हात धरून खोल्यांमागून खोल्यांत न्यावं आणि प्रत्येक खोली आधीच्या खोलीपेक्षा अंधारी निघावी, तसा. हे सगळं मी शेऱ्याच्या कागदावर नीट लिहिलं. पण पाव तासानंतरच्या रकान्यासाठी मनगट पुन्हा नाकाशी नेलं आणि पेन थांबलं. त्या सगळ्या काळोखाच्या तळाशी ओली लोकर होती. आणि लोकरीत साबण. कुठलाही नव्हे, आमच्या कारखान्याचा, हिरव्या कागदातला.

तो साबण मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? एकतीस वर्षं मी त्या कारखान्यात वास पारखायच्या खोलीत बसले. रोज सकाळी साडेआठला ताज्या वड्यांचा ट्रे समोर यायचा. मी हुंगायचे आणि कागदावर लिहायचे, ‘चालेल’ किंवा ‘बाद’. देवाने रूप देताना हात जरा आखडता घेतला, पण नाक सढळ हाताने दिलं. त्याची ठेव म्हणून मी ते सांभाळलं आणि कधी खोटं बोलू दिलं नाही. साहेबाच्या मेव्हण्याने आणलेलं अत्तर मी तीनदा बाद केलं होतं, तिथे बाकीच्यांची काय कथा.

निवृत्त झाल्यावर नाकाला काम दिलं ते लेकीने. लेक म्हणजे यांची मुलगी, पहिलीची. मी या घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता पस्तिशीला टेकली. मला मावशी म्हणते. गल्लीच्या टोकाला पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या वरच्या दोन खोल्यांत ती अत्तरं बनवते. पातळ फवारे नव्हेत, तेलं. काळी, जड, दिवसभर अंगावर पालटत जाणारी. आणि प्रत्येक तेल कुठल्या ना कुठल्या पुस्तकातल्या माणसाचं. आधी मला हे खूळच वाटलं. पण तिने पहिलं तेल माझ्या हाताला लावलं आणि संध्याकाळपर्यंत एक अख्खा कंजूष सावकार माझ्याबरोबर घरभर फिरला. तेव्हापासून मी गप्प आहे.

या वेळचं काम मोठं होतं. एका कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती आणि तिच्यासोबत पाच पात्रांची पाच तेलं द्यायची होती. नदीकाठची मोठी जुनी अतिथीशाळा, तिथे आश्रयाला आलेली एक पोरकी मुलगी, अशी गोष्ट. मी ती दोनदा वाचली होती. त्यातला नावाडी, एका डोळ्याचा घड्याळजी, लग्नातून पळालेली नवरी, सगळे मला पाठ होते. आणि कारभारीण. मुलीला आलेली पत्रं वाचून चुलीत घालणारी, वर तिच्याच डोक्यावरून हात फिरवणारी कारभारीण.

आमची रीत अशी. कुप्यांवर फक्त आकडे. कुठला आकडा कुणाचा, हे लिहिलेला कागद बंद पाकिटात. मी तेल हाताला लावायचं आणि चार वेळा लिहायचं: लावताच, पाव तासाने, तीन तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिला वास म्हणजे नुसतं नमन. कुणीही गोड आवाजात करतो. माणूस कळतो तो आख्यानाला उभा राहिल्यावर. शेवटी लिहायचं हे कोण, आणि चालेल की बाद. माझ्या शेऱ्यावर लेक कधी वाद घालत नाही. मी बाद लिहिलं की ती मोरीत ओतून मोकळी होते.

आणखी एक रीत आहे. एका वासावरून दुसऱ्यावर जाताना नाक कोरं करावं लागतं. कुणी कॉफीच्या बिया हुंगतात. आमच्या खोलीत असले लाड नव्हते. बाही वर सारायची, आपल्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसायचं आणि दोन श्वास घ्यायचे. आपल्या कातडीचा वास आपल्याला येत नाही. तिथे शून्य. त्या शून्यावरून पुढचा वास मोजायचा. लेकीला हे मीच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, खेळ म्हणून.

तर तिसरी कुपी म्हणजे कारभारीण, हे कळायला मला पाकिटाची गरज नव्हती. प्रश्न एवढाच होता की कारभारणीच्या अंगाला माझ्या साबणाचा वास का यावा.

आणि ओल्या लोकरीचा.

एकदा संशयाने घरात पाय ठेवला की तो चहा घेतल्याशिवाय उठत नाही. एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन महिन्यांपूर्वी माझ्या उशीचा अभ्रा नाहीसा झाला. धुण्यात गेला असेल म्हणून मी सोडून दिलं. मग स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला माझा कारखान्यातला एप्रन दिसेना. मी विचारलं तर लेक म्हणाली, “असेल कुठेतरी, मावशी, एप्रनला काय पाय फुटलेत?” आणि लगेच पाठ वळवून भांडी घासायला लागली. न सांगता भांडी घासणारी ती मुलगी नाही. त्याच आठवड्यात जेवताना मधेच म्हणाली, “मावशी, ती शाल आहे का गं अजून?” मी म्हटलं, कुठली? तर म्हणाली, “काही नाही, आमटी वाढ.”

कुठली ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी या घरात आले त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. पोरीच्या उशीखाली एक तपकिरी लोकरी शाल होती, मळलेली, कडेला तेलकट झालेली. मी म्हटलं, लेकरू अशा घाणीत झोपतं. कोमट पाणी केलं, आमच्या कारखान्यातली चांगली वडी काढली, जिवाभावाने शाल धुतली आणि गच्चीत वाळत घातली. पोरगी शाळेतून आली. ओली शाल तिने तोंडाशी धरली. तशीच उभी राहिली. मग शाल परत दोरीवर टाकली आणि खाली गेली. रडली नाही, भांडली नाही. अकरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

वासावर पोट भरणाऱ्या बाईला हे कळू नये. आईचा वास होता तो, तेवढाच उरलेला, आणि मी तो साबणाने काढला. सव्वीस वर्षं झाली. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी देवापाशी पुष्कळदा बोलले, पण देवाला सांगून तिला काय उपयोग.

आता ती बोलली होती. कुपीत घालून, वर बूच लावून.

पाकीट टेबलावर होतं. मी ते उचलून खिडकीच्या उजेडापुढे धरलं. जाड कागद होता, काही दिसलं नाही. तिने मुद्दाम जाड घेतला असणार. डबा देताना म्हणाली होती, “नीट बघ हं मावशी, घाई नको. आणि पाकीट उघडू नकोस.” एवढ्या वर्षांत ‘उघडू नकोस’ असं कधी सांगावं लागलं नव्हतं.

मी ते खाली ठेवलं. पण मनाची खात्री तर करायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हे बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर होते. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप.

“अहो, हात द्या इकडे.”

“हात सव्वीस वर्षांपूर्वीच दिलाय. आता काय उरलंय?”

“चेष्टा नको. मनगट.”

डाव्या मनगटाला तिसरं लावलं. पाव तास घड्याळाकडे बघत बसले. यांनी तेवढ्यात एक कॉलर उलटवली.

“आता हुंगा. काय येतं?”

हुंगून म्हणाले, “जळकं काहीतरी. आणि ओलं. गिऱ्हाईकाचा भिजलेला कोट इस्त्रीखाली घेतला की वाफ येते ना, तसं.”

म्हणजे माझं नाक म्हातारं झालेलं नव्हतं.

पाचव्या कुपीचंही एक कोडं होतं. तेही यांच्याकडून सोडवून घ्यावं म्हणून दुसऱ्या मनगटाला ते लावलं. पाचव्या कुपीला मला वासच येत नव्हता. काल लावली तेव्हा नाही, पाव तासाने नाही, तीन तासांनी नाही, आज सकाळीही नाही. दर वेळी कोपर हुंगायचे आणि मनगट हुंगायचे. फरक शून्य. मला वाटलं, घाईत नुसतं गोडं तेल भरलं असेल.

“आणि हे?”

यांनी हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. “हे काय, घरचंच आहे.”

“घरचं म्हणजे?”

“म्हणजे घरचं. कपाट उघडलं की येतो तो. आता ही बाही बसवू दे मला, चारला गिऱ्हाईक येईल.”

आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही. बापलेकीत काहीतरी शिजतंय आणि वास तेवढा माझ्यापासून लपवलाय, असं वाटलं. नाहीतर शिंप्याला काय, आपल्या घरात हुंगलेलं सगळं घरचंच.

मी आत आले आणि शेरे पुरे करायला बसले. एक, नावाडी, चालेल. दोन, घड्याळजी, चालेल, थोडा धातू कमी करावा. चार, नवरी, चालेल. पाच: ‘वास नाही. बाद.’ हे कोण, या रकान्यात काय लिहावं कळेना. कादंबरीतलं कुणी उरलेलंच आठवेना. अतिथीशाळेचा म्हातारा मालक लिहिलं, प्रश्नचिन्ह टाकून.

तिसऱ्यापाशी बराच वेळ बसले. हे पुस्तकाबरोबर गावोगाव जाणार. शेकडो अनोळखी बायका मनगटाला माझी चूक लावून फिरणार आणि म्हणणार, बघा कशी दुष्ट आहे. मी लिहिलं, ‘बाद’.

एकतीस आणि वर सहा वर्षं, आणि हा पहिला खोटा शेरा. लिहिताना पेन अडलं नाही याचंच मला वाईट वाटलं.

साडेचारला मी तिच्या जिन्यापाशी होते. पाचला प्रकाशकाचा माणूस कुप्या न्यायला येणार होता. वरच्या खोलीत खिडक्या उघड्या, टेबलावर तराजू, कपाटात काळसर बाटल्यांच्या रांगा. लेक एप्रन घालून उभी होती. तिचा स्वतःचा, माझा नव्हे. तेवढं मी आधी पाहून घेतलं.

“आलीस? दे.” तिने कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचू लागली. मी तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होते. पहिलं, दुसरं. तिसऱ्याला तिच्या भुवया वर गेल्या.

“तीन बाद?”

“बाद.”

“का?”

“मला नाही आवडलं.”

“मावशी, तू साहेबाच्या मेव्हण्यालासुद्धा दीड पान कारण लिहून दिलं होतंस.”

मी स्टुलावर बसले. “ती शाल आहे ना?”

तिने कागद टेबलावर ठेवला. खाली पुस्तकवाला कागद कापत होता, त्याच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

“आहे ना?” मी म्हटलं. “लोकर ओली करून, आमच्या साबणाचा अर्क घालून केलंस. कारभारीण म्हणजे मी. सरळ तोंडावर म्हणायचंस. एवढ्या लहान कुपीत कशाला कोंबलंस?”

“शाल आहे,” ती म्हणाली. “तुझ्या नाकापासून लपवायचं म्हटलं तरी जमलं नसतं.”

“बरं.”

“बरं काय बरं. पुढचं ऐक तरी.” तिने दुसरं स्टूल ओढलं. “मी महिनाभर कारभारीण करत होते. लाकूड झालं, राळ झाली, सगळं झालं, पण त्या बाईचा राग येईना. राग आल्याशिवाय ती उभी राहीना. मग म्हटलं, आपल्याला कधी कुणाचा खरा राग आला होता, तो वास काढू. शोध शोध शोधला. मावशी, माझ्याकडे एकच निघाला. अकरा दिवसांचा. दुसरा असता तर तो घातला असता, तुझी शप्पथ.”

मी म्हटलं ते भलतंच. “अकरा तू मोजले होतेस?”

“मीच तर बोलत नव्हते. मोजणार कोण मग?”

“मला वाटलं फक्त मी मोजले.”

“बाराव्या दिवशी तू मला कोपर हुंगायला शिकवलंस,” ती म्हणाली. “मला ते इतकं वेडगळ वाटलं की मी हसले आणि मग न बोलणं राहूनच गेलं.”

हे मी विसरले होते. मला वाटत होतं ते बरंच नंतरचं.

“मी चुकले होते गं,” मी म्हटलं. “त्या शालीचं.”

“हो,” ती म्हणाली. “चुकली होतीस.” आणि पुन्हा कागदाकडे वळली, जणू एवढंच राहिलं होतं. खाली वाचत गेली आणि एकदम थांबली. “हे काय? पाच. वास नाही. बाद.” माझ्याकडे पाहिलं. “वास नाही?”

“नाही. चारही वेळा नाही. तू भरायला विसरलीस काहीतरी. आणि तुझे बाबा म्हणतात घरचं आहे. त्यांचं काय ऐकायचं.”

“मधे कोपर हुंगलंस?”

“म्हणजे काय. शिस्त आहे ती.”

लेक हसायला लागली. आधी हळू, मग टेबलाला धरून, मग डोळे पुसत. मला राग आला, कारण कशाला हसतेय ते मला कळत नव्हतं आणि तिला कळत होतं. तिने खालचा खण ओढला. आत माझा एप्रन होता, घडी करून. त्यावर माझ्या उशीचा अभ्रा, झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीत.

“पाकीट उघड आता.”

मी उघडलं. एक, नावाडी. दोन, घड्याळजी. तीन, कारभारीण. चार, नवरी. पाच, दिवेवाली.

दिवेवाली मला आठवेना. मग आठवली. अख्ख्या कादंबरीत चार पानं येते. बोलत नाही फारसं. रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावते आणि मुलगी परत येईपर्यंत तिच्या खोलीतला विझवत नाही. एवढंच काम. मी दोनदा वाचून तिच्यावरून पुढे गेले होते.

“सगळ्यांत जास्त वेळ हिला लागला,” लेक म्हणाली. “अभ्र्यावरून केलं. लाकडाचा भुसा, जुना कापूस, तुझ्या डोक्याचं तेल, एप्रनला लागलेलं काय काय. बाबांच्या हाताला तीनदा लावून पाहिलं. त्यांना मी सांगितलं होतं, तोंड उघडलंत तर बघा. आणि तू काय केलंस, तर शून्यातून शून्य वजा केलंस.”

मी पाचवी कुपी उचलली, बूच काढलं, नाकाशी धरली. काहीही नाही. देवाने मला एवढं नाक दिलं आणि नेमकं इथे ते आंधळं ठेवलं. माझा स्वतःचा वास कसा येतो हे जगात सगळ्यांना कळणार, माझ्याखेरीज.

पावणेपाच झाले होते. मी पेन मागितलं. आमच्या कारखान्यात शेरा खोडला तर शेजारी सही करावी लागायची. तिसऱ्यापुढचं ‘बाद’ खोडलं आणि लिहिलं, ‘चालेल. पाचांत सरस. आधीचा शेरा रागाने लिहिलेला होता.’ सही केली. पाचव्यापुढचंही खोडलं. मग लिहिलं, ‘या वासाची पारख माझ्याकडून होणार नाही. दुसरं नाक आणावं.’ पुन्हा सही.

“दुसरं नाक कुठून आणू पंधरा मिनिटांत?” लेक म्हणाली.

मग तिनेच माझा हात धरला आणि बाही वर सारली. लहानपणी मी तिला दाखवलं होतं तशी वाकली, माझ्या कोपराच्या खळगीत नाक खुपसलं, दोन श्वास घेतले. पाचवी कुपी हुंगली. परत माझं कोपर. तिचा चेहरा अगदी कारखान्यातल्यासारखा झाला होता, ट्रेसमोर माझा व्हायचा तसा. मी श्वास धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा शेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला.

“हूं,” ती म्हणाली आणि तराजूकडे वळली. “साबण एक थेंब कमी पडलाय.”